माजी सैनिकाचे दुखणे काढणारे हात

प्रास्ताविक

दरवर्षी ७ डिसेंबरला देशभर सशस्त्र सेना ध्वजदिन पाळला जातो. १९४९ पासून ही प्रथा चालू आहे. त्या दिवशी, तसेच १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला गावोगावी माजी सैनिकांचा सत्कार होतो. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, दोन शब्द, टाळ्या. ही चांगली गोष्ट आहे. परंतु सत्कार आटोपल्यावर तो सैनिक घरी येतो, तेव्हा त्याला खुर्चीवरून उठवून अंथरुणावर कोण नेते, रात्री दोन वाजता त्याची कूस कोण बदलते, त्याच्या औषधांच्या वेळा कोण पाळते, याचा विचार त्या व्यासपीठावर होत नाही. या लेखाचा विषय तोच आहे.

विषय माझ्या घरातला आहे, म्हणून थोडे घरचे सांगतो. माझे वडील १९६३ साली सैन्यात भरती झाले व १९८७ साली हवालदार म्हणून निवृत्त झाले. पुढे पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू गेली आणि नऊ वर्षे ते अंथरुणाला खिळून होते. ती नऊ वर्षे आईने त्यांचे दुखणे काढले. त्या काळात ती एकाही लग्नाला मुक्कामाने गेली नाही. एका वर्षी हयातीचा दाखला वेळेत गेला नाही, म्हणून तीन महिने निवृत्तिवेतन थांबले. आजारी निवृत्तिवेतनधारकाच्या घरी येऊन दाखला घेण्याची सोय करता येते, हे आम्हाला कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. आईने कानातले मोडून ते तीन महिने काढले. एकदा गावात वडिलांचा सत्कार झाला. आम्ही त्यांना खुर्चीत बसवून नेले. शाल त्यांच्या खांद्यावर आली. आई मांडवाच्या खांबामागे उभी होती, कारण मध्येच लघवीची नळी सरकली तर ती बसवायला दुसरे कोणी नव्हते. त्या दिवशी तिचे नाव कोणी घेतले नाही. मीही घेतले नाही, ही बोच आजही आहे.

आपले मावळ आणि सैन्याची साधने

मावळ तालुका सैन्याच्या दाराशी वसलेला आहे असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. लोणावळ्याला नौदलाची आयएनएस शिवाजी ही संस्था १५ फेब्रुवारी १९४५ रोजी सुरू झाली. नौदलाचे यांत्रिकी शिक्षण तेथे मिळते. लोणावळ्यातच नौदलाचे कस्तुरी रुग्णालय आहे. तालुक्याच्या पूर्वेला देहूरोडची छावणी आणि तेथील डेपो. पुढे खडकीचे लष्करी रुग्णालय, आणि पुण्यात दक्षिण कमांडचे मुख्यालय, कमांड हॉस्पिटल व सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय. राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचे मुख्य कार्यालयही पुण्यातच आहे. लोणावळा ते पुणे लोकलच्या एकाच मार्गावर यातील बऱ्याच ठिकाणी पोचता येते. मळवलीला गाडीत बसलेला माणूस खडकीला उतरू शकतो.

मग अडचण कोठे आहे? अडचण स्टेशनपर्यंतच्या वाटेत आहे. आंदर मावळातील गावाला कान्हे गाठावे लागते, नाणे मावळ आणि पवन मावळातील गावांना कामशेत. धट्ट्याकट्ट्या माणसाला ही वाट काही नाही. पण ज्याला दोघांनी उचलून न्यावे लागते, त्याच्यासाठी जीपचे भाडे, सोबतीचा एक माणूस, त्या माणसाची बुडालेली मजुरी आणि लोकलच्या डब्याची ती उंच पायरी, एवढे सगळे आडवे येते. त्यात लोणावळ्याच्या बाजूला वर्षाला सुमारे चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आषाढ-श्रावणात ओल्या चादरी चार-चार दिवस वाळत नाहीत. ज्या घरात अंथरुणावरचा रोगी आहे, त्या घराला या एका वाक्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

थोडा इतिहास

आपल्या समाजाचे सैन्याशी नाते जुने आहे. गोपाळबाबा वलंगकर हे स्वतः निवृत्त सैनिक होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ हे सुभेदार होते, आणि बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची सैन्यभरती बंद झाली. ती पुन्हा सुरू व्हावी यासाठी पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली सरकारकडे अर्ज केला. पहिल्या महायुद्धात १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली, आणि युद्धाची गरज संपताच १९२१ साली ती मोडण्यात आली. १९४१ च्या जुलैमध्ये बाबासाहेबांची संरक्षण सल्लागार समितीवर नेमणूक झाली, आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभारली गेली. या रेजिमेंटच्या आठव्या पलटणीतील मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना १९८७ मधील श्रीलंकेतील कामगिरीबद्दल मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

हा इतिहास आपण अभिमानाने सांगतो व सांगितलाही पाहिजे. मात्र विद्यार्थी मित्रांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. भरतीसाठी आपल्या पूर्वजांनी अर्ज केले, कारण सैन्यातील नोकरी म्हणजे नियमित पगार, मुलांचे शिक्षण आणि निवृत्तिवेतनाचा आधार होता. म्हणजे सैनिकाबरोबर त्याचे घर त्या मागणीत होतेच. नंतर आपण सैनिकाचे नाव लक्षात ठेवले आणि घर विसरलो.

विनयपिटकातील एक प्रसंग

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. भगवान बुद्ध आनंदाला सोबत घेऊन भिक्खूंची निवासस्थाने पाहत असताना एका खोलीत अतिसाराने आजारी असलेला भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला दिसला. त्याची शुश्रूषा कोणी करीत नव्हते. विचारल्यावर तो म्हणाला की, आपण इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून कोणी आपल्याकडे पाहत नाही. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. एकाने पाणी घातले, दुसऱ्याने धुतले, आणि दोघांनी डोक्याकडून व पायांकडून उचलून त्याला मंचकावर निजवले. त्यानंतर संघाला एकत्र बोलावून भगवंतांनी समजावले की, तुम्हाला शुश्रूषेसाठी येथे आईवडील नाहीत. तुम्हीच एकमेकांना पाहिले नाही तर कोण पाहणार? ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची सेवा करावी, असा त्या उपदेशाचा भावार्थ आहे.

हा प्रसंग आपण पुष्कळदा ऐकतो. परंतु त्याच्या पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे. तेथे चांगल्या शुश्रूषा करणाऱ्याची पाच लक्षणे दिली आहेत. त्याला औषध तयार करून देता आले पाहिजे. पथ्य काय आणि अपथ्य काय हे कळले पाहिजे. त्याने लाभाच्या आशेने नव्हे तर मैत्रीभावाने सेवा केली पाहिजे. मल, मूत्र, थुंकी, ओकारी यांची किळस येता कामा नये. आणि योग्य वेळी चार चांगले शब्द बोलून रोग्याचे मन उभारता आले पाहिजे. तसेच रोग्याचीही लक्षणे सांगितली आहेत. जो पथ्य पाळत नाही, आपले दुखणे नीट सांगत नाही, वेदना सोसत नाही, त्याची शुश्रूषा करणे कठीण होते, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. शुश्रूषा करणाऱ्यालाही त्रास होतो, हे यात मान्य केलेले आहे.

यापुढे आणखी एक नियम येतो. आजारी भिक्खू मरण पावला तर त्याचे पात्र आणि चीवर संघाने ज्यांनी त्याची शुश्रूषा केली त्यांना द्यावे, कारण त्यांचे उपकार मोठे आहेत. शुश्रूषा करणारा श्रामणेर असला तरी त्याला बरोबरीचा वाटा द्यावा. भिक्खूजवळ पात्र आणि चीवर यांखेरीज दुसरी मालमत्ता ती काय असणार? तीच शुश्रूषा करणाऱ्याच्या हाती देण्याची ही व्यवस्था आहे.

या प्रसंगातून आपल्यासाठी तीन गोष्टी निघतात. एक, आजाऱ्याकडे दुर्लक्ष झाले याचा जाब संपूर्ण संघाला विचारला गेला. दोन, शुश्रूषा हे शिकण्याचे काम आहे, नुसत्या मायेने ते भागत नाही. तीन, शुश्रूषा करणाऱ्याची दखल समाजाने आपणहून घ्यायची असते, त्याने मागण्याची वाट पाहायची नसते.

तीन प्रकारची घरे

माजी सैनिकांची शुश्रूषा करणारी घरे स्थूलमानाने तीन प्रकारची असतात. प्रत्येकाची गरज निराळी व प्रत्येकासाठी असलेली व्यवस्थाही निराळी. त्यांची सरमिसळ झाली की अर्ज चुकतात आणि निराशा पदरी येते.

पहिला प्रकार : सेवेत जखमी झालेला सैनिक

गोळी, सुरुंग किंवा कर्तव्यावरील अपघात यामुळे ज्याचा हात-पाय गेला अथवा पाठीचा कणा दुखावला, असा सैनिक. पुणे या बाबतीत देशात अग्रेसर आहे. वानवडीचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ सालचे. खडकीची क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ साली स्थापन झाली व अपंग सैनिकांना धंदेशिक्षण देत आली. खडकीचेच पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४ साली सुरू झाले. कमरेखाली किंवा मानेखाली संवेदना गेलेले सैनिक तेथे राहतात, काम शिकतात, चाकाच्या खुर्चीवरून बास्केटबॉल खेळतात. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथील अपंगांच्या जागतिक क्रीडास्पर्धेत पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवले, व २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. योग्य शुश्रूषा आणि पुनर्वसन मिळाल्यास जखमी सैनिक किती उभारी धरू शकतो, याचे हे उदाहरण आहे.

अशा सैनिकाला अपंगत्वाच्या टक्केवारीनुसार निवृत्तिवेतनात वेगळा भाग मिळतो. याशिवाय सतत परिचर भत्ता नावाची एक तरतूद आहे आणि ती आपल्या विषयाच्या गाभ्याशी आहे. सेवेमुळे आलेले अपंगत्व १०० टक्के असेल आणि त्या अपंगत्वामुळेच सतत कोणीतरी जवळ असणे आवश्यक आहे असे वैद्यकीय मंडळाने लिहून दिले, तर हा भत्ता मिळतो. सातव्या वेतन आयोगानंतर १ जुलै २०१७ पासून तो दरमहा ६,७५० रुपये ठरला, आणि महागाई भत्ता ५० टक्क्यांनी वाढला की यात २५ टक्के वाढ होते. सरकारी रुग्णालयात दाखल असलेल्या काळात तो मिळत नाही. रक्कम लहान वाटेल. परंतु शुश्रूषा हे काम आहे आणि त्याला मोल आहे, हे सरकारने कागदावर मान्य केले, हा त्यातला खरा अर्थ.

शुश्रूषेबाबत दोन गोष्टी. संवेदना नसलेल्या अंगाला गरम पाण्याच्या पिशवीने शेक देऊ नये. कातडी भाजते आणि रोग्याला कळतही नाही. दर दोन तासांनी कूस बदलावी आणि माकडहाड, टाचा, ढुंगण, खांदे येथे लाल डाग दिसतो का ते रोज उजेडात पाहावे. दाबूनही पांढरा न होणारा लाल डाग ही जखमेची सुरुवात असते. त्या वेळी त्या जागेवरचा भार काढला तर डाग जातो, आठवडा गेला तर महिने मोडतात.

दुसरा प्रकार : म्हातारपणीचे आजार

संख्येने हीच घरे जास्त. पक्षाघात, मधुमेह, हृदयविकार, विसरभोळेपणापासून सुरू होऊन माणूस ओळखेनासा होण्यापर्यंत जाणारा स्मृतिभ्रंश. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. निवृत्तीनंतर उतारवयात झालेल्या अशा आजाराचा सेवेशी संबंध ठरत नसेल, तर परिचर भत्ता मिळत नाही. माझ्या वडिलांच्या बाबतीत कोणीतरी आशा दाखवली आणि आम्ही दीड वर्ष त्या अर्जामागे घालवले. त्याऐवजी जे हक्काचे होते ते आधी पाहायला हवे होते.

हक्काचे काय? पहिले, माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना, म्हणजे सर्वजण जिला ईसीएचएस म्हणतात ती. ही योजना १ एप्रिल २००३ पासून सुरू झाली. निवृत्तिवेतनधारक सैनिक, त्याची पत्नी आणि नियमात बसणारी मुले व आईवडील यांना तिचा लाभ मिळतो. कार्ड काढून पॉलिक्लिनिकमध्ये जायचे, तेथील चिठ्ठी घेऊन मान्यताप्राप्त रुग्णालयात जायचे, असा तिचा क्रम आहे. अत्यवस्थ रोग्याला जवळच्या कोणत्याही रुग्णालयात नेता येते, मात्र दोन दिवसांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवावे. हे कळवायचे राहून गेल्याने पुष्कळांचे बिल अडकते. सैनिकाच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या विधवेलाही ही योजना चालू राहते.

दुसरे, वय ८० पूर्ण झाल्यावर मूळ निवृत्तिवेतनात २० टक्के जादा रक्कम मिळते. ८५ ला ३० टक्के, ९० ला ४० टक्के, ९५ ला ५० टक्के आणि १०० ला १०० टक्के. कुटुंब निवृत्तिवेतनालाही हे लागू आहे. परंतु जुन्या कागदांवर विधवेची जन्मतारीखच नसेल तर तिचे ८० वर्षे पूर्ण झाल्याचे कळणार कसे? पतीची सेवा करता करता म्हातारी झालेली बाई अशा रीतीने स्वतःच्या हक्काला मुकते.

तिसरा प्रकार : मनाची जखम

याविषयी आपल्याकडे बोलले जात नाही. सीमेवर, बर्फात, दंगलीत, सोबत्याच्या मृत्यूत जे पाहिले ते काहीजण घरी घेऊन येतात. झोप नाही, फटाक्याच्या आवाजाने दचकणे, कारण नसताना संताप, कोणाशी न बोलणे. काही घरांत यावर दारूचा उतारा शोधला जातो आणि कँटीनच्या बाटलीने घर पोखरते. त्या घरातील पत्नी शेजाऱ्यांना सांगते, ‘मिलिटरीचा स्वभाव आहे.’ स्वभाव आणि आजार यांतला फरक ओळखला पाहिजे. डॉक्टरी उपचाराने यात सुधारणा होते. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६, चोवीस तास व विनामूल्य. सैन्यदलातील व्यक्ती व त्यांच्या कुटुंबीयांसाठी तिचा खास कक्ष १ डिसेंबर २०२३ रोजी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू करण्यात आला. शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीने स्वतःसाठीही या क्रमांकावर बोलावे. आणि मारहाण होत असेल तर ती शुश्रूषेचा भाग म्हणून सोसू नये, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

ज्यांना निवृत्तिवेतनच नाही

शिपायाला निवृत्तिवेतनासाठी साधारणपणे १५ वर्षे सेवा लागते. त्याआधीच ज्यांची सेवा संपली असे वृद्ध सैनिक व त्यांच्या विधवा आपल्या वस्त्यांत आहेत. हवालदार पदापर्यंतच्या, ६५ वर्षांवरील अशा गरजूंसाठी केंद्रीय सैनिक बोर्डामार्फत संरक्षणमंत्र्यांच्या निधीतून दरमहा मदत मिळते. ती ४,००० रुपये होती, नोव्हेंबर २०२५ पासून ८,००० रुपये करण्यात आली. मुलांचे शिक्षण, मुलीचे लग्न, अपंग अपत्य यांसाठीही या निधीत तरतुदी आहेत. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून करायचा असतो. आपल्या राज्यात माजी सैनिक व त्यांच्या विधवांना २०२० पासून घरपट्टीत माफीची योजना आहे. नगरपरिषद किंवा ग्रामपंचायतीकडे त्यासाठी अर्ज करावा.

कागदांची पेटी

हे सगळे कागदावर चालते, म्हणून प्रत्येक घरी पत्र्याच्या एका पेटीत पुढील कागद एकत्र असावेत : डिस्चार्ज बुक, निवृत्तिवेतन आदेश म्हणजे पीपीओ, माजी सैनिकाचे ओळखपत्र, ईसीएचएस कार्ड, बँकेचे पुस्तक, आधारकार्ड, वैद्यकीय मंडळाचे कागद असल्यास तेही.

सर्वांत मोठा घोटाळा नावाचा. डिस्चार्ज बुकात पत्नीचे नाव ‘सोनाबाई’, आधारकार्डावर ‘सुनंदा’. माहेरचे नाव, सासरचे नाव, आणि भरतीच्या वेळी कारकुनाने लिहिले ते तिसरेच. पती हयात असताना ही दुरुस्ती त्याच्या सहीने संबंधित रेकॉर्ड ऑफिसकडून होऊ शकते. महार रेजिमेंटचे केंद्र मध्यप्रदेशात सागर येथे आहे. पती गेल्यावर तेच काम प्रतिज्ञापत्रे व हेलपाटे यांत अडकते. म्हणून हे आज करावे. निवृत्तिवेतनाचे खाते पती-पत्नीचे संयुक्त असावे. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यावा. २०१४ साली सुरू झालेल्या जीवन प्रमाण पद्धतीने तो अंगठा किंवा चेहरा दाखवून घरबसल्याही देता येतो, आणि हे काम बारावीचा विद्यार्थी पाच मिनिटांत करून देऊ शकतो.

शुश्रूषा करणाऱ्याची शुश्रूषा

रोग्याला एकटीने उचलून उचलून तिची कंबर जाते. रात्री चार वेळा उठल्याने झोप जाते. घरात सर्वांत शेवटी व उरलेसुरले जेवल्याने अंगात रक्त राहत नाही. स्वतःचा रक्तदाब मोजायला तिला वेळ नसतो. पुष्कळ घरांत रोग्याआधी शुश्रूषा करणारीच खचते. आणि याहून अवघड एक गोष्ट : तिला कधी कधी राग येतो, कंटाळा येतो, यातून सुटावेसे वाटते, आणि मग त्या विचाराचीच तिला लाज वाटते. रोग्याची शुश्रूषा कठीण असू शकते हे विनयात सांगितले आहे. तेव्हा कंटाळा येणे हे पाप नव्हे, ती विश्रांतीची हाक आहे, असे तिला कोणीतरी सांगायला हवे. तेही घरातल्या माणसाने सांगितले तर अधिक बरे.

आपण काय करू शकतो

संस्थेच्या सभासदांपुढे व विद्यार्थ्यांपुढे पुढील कार्यक्रम ठेवतो. यातील एकाही गोष्टीला मोठा निधी लागत नाही.

१. नोंदवही : आपापल्या गावात व वॉर्डात किती माजी सैनिक व विधवा आहेत, त्यांतील कितीजण अंथरुणाला आहेत, आणि त्यांचे कोण करते, याची नोंद करावी. शुश्रूषा करणाऱ्याचे नाव रोग्याच्या नावाशेजारी लिहावे.

२. कागद-सप्ताह : नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात विद्यार्थ्यांनी घरोघरी जाऊन हयातीचे दाखले व पेटीतील कागद पाहावेत. नावातील फरक आढळल्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे न्यावेत.

३. दोन तासांचा विसावा : आठवड्यातून एकदा दोन सभासदांनी रोग्याजवळ बसावे, म्हणजे घरच्या बाईला बाजार, बहिणीचे घर, किंवा नुसती झोप मिळेल. त्या आधी कूस कशी बदलावी हे तिच्याकडून शिकून घ्यावे.

४. साहित्य-पेढी : चाकाची खुर्ची, वॉकर, कमोडची खुर्ची, हवेची गादी या वस्तू एका घरातील काम संपल्यावर माळ्यावर पडून असतात. त्या गोळा करून गरजेप्रमाणे वापरायला द्याव्यात. पावसाळ्यासाठी जादा सुती चादरी ठेवाव्यात. ज्याच्या घरी कपडे वाळवायची सोय आहे त्याने एका घराच्या चादरी वाळवून देण्याचे पत्करावे.

५. सोबत : खडकी किंवा पुण्याला तपासणीच्या दिवशी एक तरुण सोबत द्यावा. केसपेपरची रांग त्याने धरावी.

६. मान : पुढच्या वेळी माजी सैनिकाचा सत्कार होईल, तेव्हा पत्रिकेत दोन नावे असावीत.

समारोप

आपल्या तालुक्यातील कार्ल्याच्या चैत्यगृहात गेलात तर खांबांवरील लेख जरूर पाहावेत. एवढे मोठे लेणे एकट्या राजाने कोरवले नाही. कोणी एक खांब दिला, कोणी दुसरा, आणि प्रत्येकाचे नाव त्या त्या खांबावर कोरले गेले. दोन हजार वर्षांनंतरही ती नावे वाचता येतात. ज्याने भार पेलण्यास हातभार लावला त्याचे नाव लिहून ठेवण्याची ही रीत आपल्याच डोंगरातली आहे.

माझी आई आता नाही. आमच्या गावच्या नोंदवहीत वडिलांचे नाव, हुद्दा व पलटण आहे. या वर्षी मी त्याखाली एक ओळ लिहायला सांगितली : यांची शुश्रूषा नऊ वर्षे यांच्या पत्नीने केली. त्यापुढे तिचे नाव, डिस्चार्ज बुकातले नव्हे, ज्या नावाने तिला माहेरी हाक मारीत ते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. विनयपिटकातील प्रसंगात जाब कोणाला विचारला गेला? त्याचा आजच्या वस्तीशी संबंध काय?
२. सतत परिचर भत्ता कोणाला मिळतो व कोणाला मिळत नाही? कारणासह सांगा.
३. आपल्या घरातील किंवा शेजारच्या माजी सैनिकाच्या डिस्चार्ज बुकातील पत्नीचे नाव व तिच्या आधारकार्डावरील नाव ताडून पाहा. फरक असल्यास काय कराल?
४. तुमच्या गावापासून खडकीपर्यंत चालता न येणाऱ्या रोग्याला नेण्याचा मार्ग, लागणारी माणसे व खर्च लिहून काढा.
५. तुमच्या माहितीतील एका शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीशी अर्धा तास बोला. तिला सर्वांत जास्त काय हवे आहे ते विचारा, आणि तिने सांगितलेले तिच्याच शब्दांत लिहा.